फायनल बदलायच्या आधी घड्याळ लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ५० वॅटचा व्हीएचएफ मोबाईल सेट (फोन नव्हे, गाडीत लावायचा वायरलेस) घरी टेबलावर बेस म्हणून लावलाय, पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की वॅटमीटरवर ४५ दिसतात आणि चाळीस-पन्नास सेकंदात काटा २० वर येऊन बसतो, सुरुवातीला सेट साडेअकरा अँपिअर ओढतो, सेटच्या टर्मिनलला १३.२ व्होल्ट मिळतात, एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण) १.३ आहे. मागे फॅन लावून बघितला, फरक शून्य. सेट सेकंडहँड, आधी कोणीतरी उघडलेला. आता फायनल (शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर) बदलायचं चाललंय, आणि जाता जाता हेही विचारलंय की लो पॉवरला ठेवला तरी सेट एवढा करंट का खातो.

फायनल आत्ताच मागवू नका. तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलाय, "पॉवर पडते तेव्हा मागचे फिन्स कोमटच असतात" (फिन्स म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्या), माझ्या मते अर्धं निदान त्यातच आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी वॅटचा हिशोब करू, कारण तो न करताच लोक सोल्डरिंग गन हातात घेतात.

१३.२ गुणिले ११.५ म्हणजे साधारण १५२ वॅट सेटमध्ये जातात. बाहेर येतात ४५. उरलेले १०७ कुठे जातात? कुठेच जात नाहीत, सेटमध्येच उष्णता होऊन बसतात. म्हणजे तुमचा सेट ३० टक्के काम करतोय आणि ७० टक्के शेगडी आहे. आता ऐकायला भयंकर वाटतं, पण असा ५० वॅटचा धडधाकट सेट पण १३.८ व्होल्टला १० अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे १३८ वॅट आत, ५० बाहेर, ८८ वॅट उष्णता. छत्तीस टक्के. म्हणजे "माझा सेट तापतो" ही तक्रारच नाहीये, सगळेच तापतात. तुमचा वीसेक वॅट जास्त तापतोय, शोधायचे आहेत ते हे वीस वॅट, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती उष्णता नीट बाहेर पडतेय का नाही.

पुस्तकात क्लास सी ॲम्प्लिफायरला सत्तर-पंचाहत्तर टक्के कार्यक्षमता लिहिलेली असते मग छत्तीसच का, हे पण लोक विचारतात. क्लास ए थिअरीत जास्तीत जास्त ५० टक्के, क्लास बी ७८.५, आणि क्लास सी त्याच्याही वर, कारण ट्रान्झिस्टर सायकलच्या अर्ध्याहून कमी वेळ चालू असतो. एफएमला ॲम्प्लिट्यूड कायम तेवढाच असतो त्यामुळे सिग्नल वाकडातिकडा कापला तरी माहिती जात नाही, म्हणून एफएमच्या सेटला असा आळशी ॲम्प्लिफायर चालतो, एसएसबीला (आवाजाबरोबर ॲम्प्लिट्यूड बदलणाऱ्या मोडला) चालत नाही. पण ते टक्के फक्त फायनलचे, तेही कागदावरचे. प्रत्यक्षात फायनल पन्नास-साठ देतो. मग ड्रायव्हर (फायनलला सिग्नल, म्हणजे ड्राइव्ह, देणारी स्टेज) आणि त्याच्या आधीची स्टेज स्वतःचा हिस्सा खातात, डिस्प्ले-प्रोसेसर थोडं खातात, आणि फायनलच्या पुढे लो-पास फिल्टर आणि अँटेना स्विचचे डायोड बसलेले असतात. तिथे नुसता अर्धा डीबी (डेसिबल) गेला तरी ११ टक्के पॉवर गेली. म्हणजे सॉकेटवर ५० वॅट दिसायला फायनलला ५६ काढावे लागतात.

आणखी एक गोष्ट जी डोळ्याला दिसत नाही. साडेतेरा-चौदा व्होल्टवर ५० वॅट काढायचे तर ट्रान्झिस्टरला समोर जेमतेम २ ओहमचा लोड दिसावा लागतो (व्होल्टेजचा वर्ग भागिले दुप्पट पॉवर, करून बघा, १.९ येतं). अँटेना ५० ओहमची. म्हणजे मधलं मॅचिंग २ चे ५० करतं, आणि त्या २ ओहमच्या बाजूला पाच अँपिअर आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) करंट फिरत असतो. पाच अँपिअर! तिथला एखादा चिप किंवा मायका कपॅसिटर म्हातारा झाला आणि त्याचा आतला रेझिस्टन्स ०.१ ओहम झाला की अडीच वॅट त्या चिमुकल्या कपॅसिटरमध्ये जळायला लागले. म्हणून झाकण काढलं की सगळ्यात आधी मी मीटर लावत नाही, ड्रेनच्या (फायनलमधून पॉवर जिथून निघते त्या) पायापासचे दोन-तीन कपॅसिटर बघतो, बोर्ड त्यांच्याखाली चहाच्या रंगाचा झालाय का, कडेला केसासारखी चीर आहे का, सोल्डर दाणेदार निस्तेज झालंय का. तुमचे जास्तीचे वीस वॅट तिथून निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता घड्याळ. पीटीटी दाबल्यापासून पॉवर पडायला किती वेळ लागतो यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं, आणि याला एक पैसा लागत नाही.

सेटचं ॲल्युमिनियमचं बॉडी-हीटसिंक धरा ६०० ग्रॅमचं. ॲल्युमिनियमला एका ग्रॅमला एक अंश चढवायला ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे आख्ख्या सिंकला ५४० ज्यूल. तुम्ही सेकंदाला शंभर ज्यूल ओतताय, तर अंदाजे मिनिटाला ११ अंश चढणार. खोलीत ३० अंश असतील तर तीन मिनिटांनी सिंक साठच्या वर. साठला हात पाच सेकंदसुद्धा ठेवता येत नाही. म्हणजे तीन-चार मिनिटं सलग बोलल्यावर सेट हात लावू देत नाही हे नॉर्मल आहे, आणि तेव्हा पॉवर पडली तर सेट स्वतःला वाचवतोय. तिथे फॅन हाच इलाज, नाहीतर कमी बोलणं.

पण तुमची पॉवर पाऊण मिनिटात पडतेय आणि फिन्स कोमट. या वेळात सिंक फार तर दहा अंश चढेल. मग सेटला कोण सांगतंय की मी तापलो? फायनलजवळ बोर्डावर बसलेला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा पार्ट) सांगतोय, आणि तो खोटं बोलत नाहीये. फायनल खरंच तापलाय, उष्णता त्याच्या बुडातून सिंकमध्ये उतरतच नाहीये. म्हणूनच फॅनचा उपयोग झाला नाही. फॅन फिन्सला गार करतो, आणि तुमचे फिन्स गारच आहेत.

आकड्यात सांगतो. समजा फायनलमध्ये ७० वॅट जळतात. चिप ते फ्लँज (ट्रान्झिस्टरचं धातूचं बूड) वॅटला १ अंश धरा, हे ट्रान्झिस्टरच्या आतलं, आपल्या हातात नाही. फ्लँज ते सिंक नीट बसवलेलं असेल तर वॅटला ०.२ अंश, म्हणजे १४ अंशांचा फरक. सिंक ६० ला असलं तरी चिप १४४ ला राहते, तग धरते, कारण सिलिकॉनच्या या पार्ट्सची मर्यादा १५० किंवा १७५ असते. आता तोच जोड खराब असेल आणि ०.२ चे ०.८ झाले तर फरक १४ चा ५६ होतो. सिंक बिचारं ४० लाच आहे, हाताला छान कोमट, आणि चिप ४० अधिक ५६ अधिक ७०, १६६ ला पोचली. हात लावून बघणाऱ्याला वाटतं सेट थंड आहे. कोमट फिन्स आणि पडणारी पॉवर ही जोडी दिसली की मी तरी थेट स्क्रूड्रायव्हर घेतो.

असाच एक सेट माझ्याकडे आला होता, लक्षण अगदी डिट्टो, मालकाने दोन नवीन फायनल विकत घेऊनच आणले होते. फायनल उचलला तर खाली पेस्टचा जाड थर, मलम फासल्यासारखा, वाळून खडूसारखा झालेला, आणि फ्लँजच्या एका कोपऱ्याखाली सोल्डरचा मोहरीएवढा गोळा. आधीच्या माणसाने सोल्डर करताना उडालेला. म्हणजे फायनल एका बाजूने उचललेला, दोन स्क्रू कचकचून आवळलेले, आणि मधली सगळी पोकळी पेस्टने भरलेली. पेस्ट हवेपेक्षा बरी पण धातूच्या पासंगालाही पुरत नाही हो, ती फक्त ओरखडे भरायला असते, थर द्यायला नाही. गोळा काढला, सपाट काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून फ्लँज चार-पाच हात फिरवला, सिंकची जागा स्पिरिटने पुसली, पेस्ट इतकी पातळ की खालचा धातू दिसला पाहिजे. तोच जुना फायनल, ४८ वॅट, पाच मिनिटं सलग डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर). दोन नवीन फायनल त्यांना तसेच परत दिले.

बसवताना क्रम लक्षात ठेवा: आधी फायनल स्क्रूने सिंकला बसवायचा, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, आणि मग पाय सोल्डर करायचे. उलटं केलं की पायांवर ताण येतो आणि तापून-गार होऊन होऊन सहा महिन्यांत सोल्डर तडकतं. सेटमध्ये सुटा ट्रान्झिस्टर नसून मॉड्यूल असेल, मित्सुबिशीच्या आरए सिरीजसारखा, तर अजून जपून, आत सिरॅमिकची पट्टी असते आणि सिंक सपाट नसेल किंवा एकच स्क्रू आधी पूर्ण पिळला तर ती चिरते, बाहेरून काही दिसत नाही. मॉस्फेटचा (या सेटमधल्या नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) फ्लँज म्हणजे सहसा त्याचा सोर्स हा पायच असतो, ग्राउंडला जातो, तेव्हा खाली अभ्रक-बिभ्रक घालायचं नाही, मी हेही बघितलंय. आणि जुन्या बायपोलर आरएफ ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकला घासू नका, फोडू नका, त्यात बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुप्फुसाला कायमची घातक आहे. पॉलिशपेपरचं वर सांगितलं ते फक्त फ्लँजच्या धातूच्या बुडाला, तेही बेरिलियम नसलेल्या पार्टला. पार्ट कुठला ते डेटाशीटवरून पक्कं नसेल तर नुसतं स्पिरिटने पुसून सोडा.

एसडब्ल्यूआर. तुमचा १.३ आहे, म्हणजे दोन टक्के पण परत येत नाहीये, उष्णतेच्या केसमधून अँटेना निर्दोष सुटली. लोक म्हणतात परत आलेली पॉवर फायनलमध्ये जळते, ते तितकं सरळ नाही. एसडब्ल्यूआर ३ दिसला की घाबरतात, २५ टक्के परत येतात हे खरं, पण फायनलला त्रास होतो तो त्याला २ ओहमऐवजी भलताच लोड दिसतो म्हणून, आणि तो भलता म्हणजे कुठला हे कोॲक्सच्या (सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) लांबीवर ठरतं. एका लांबीला करंट चढून फायनल पोळतो, दुसऱ्या लांबीला करंट उलट कमी होतो पण ड्रेनवर व्होल्टेज उसळतं. म्हणून एखाद्याचा सेट खराब अँटेनावर वर्षभर चालतो आणि दुसऱ्याचा आठवड्यात जातो. फक्त एक, तुमचा कोॲक्स बारीक आणि लांब असेल तर १.३ वर फार खूष होऊ नका. आरजी-५८ हा बारीक कोॲक्स दीडशे मेगाहर्ट्झला शंभर मीटरला साधारण २० डीबी खातो. पंधरा मीटर म्हणजे ३ डीबी, अर्धी पॉवर वायरीतच, आणि अशा वायरीच्या टोकाला अँटेना अजिबात लावली नाही तरी खाली मीटर ३ च दाखवेल. फायनल त्यामुळे सुखात असतो, पल्ला मात्र जातो. तो वेगळा विषय.

व्होल्टेज तुम्ही १३.२ मोजलाय तो पीटीटी दाबल्याक्षणी की पॉवर पडल्यावर? दोन्ही वेळा मोजा. फ्यूज होल्डरची पत्ती सैल असली की सुरुवातीला ठीक असतं, मग ती तापते, रेझिस्टन्स वाढतो, ०.१ ओहम झाला की ११ अँपिअरला १.१ व्होल्ट गायब. आणि फायनल जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतं, १३.८ चे ११.९ झाले की ५० चे ३७ च राहतात, वरून पॉवर कंट्रोल "अजून दे, अजून दे" करत ड्राइव्ह पूर्ण उघडतं त्यामुळे ड्रायव्हर पण फुकटचा तापतो. फ्यूज होल्डरला ट्रान्समिट सोडल्यावर बोट लावा, गरम लागला तर बदला, स्वस्तातली गोष्ट आहे.

त्याच वेळी अँपिअर पण बघा, पॉवर पडल्यावरचे. हे फार कमी लोक करतात. पॉवर २० झाली आणि करंट पण सात-साडेसात झाला तर सेटने मुद्दाम पॉवर आवळली आहे, म्हणजे फोल्डबॅक, वर सांगितलेली फायनलच्या बुडाची गोष्ट. पॉवर २० पण करंट अजून ११ च, तर फायनल काम करतोय आणि त्याच्या पुढे कोणीतरी गिळतंय, मॅचिंगचा कपॅसिटर, फिल्टरची कॉइल, अँटेना स्विचचा डायोड, सॉकेटचा सोल्डर. आणि करंट पडला, व्होल्टेज पण पडलं, तर सप्लाय आणि वायर. चौथी एक भानगड असते, ड्राइव्ह कमी केला तरी करंट कमी होत नाही किंवा हात जवळ नेला की मीटरचा काटा हलतो, तेव्हा स्टेज स्वतःच ऑसिलेट होतेय, अशा सेटला पुढे हवेत सोडू नका, दुसऱ्यांच्या चॅनेलवर घाण होते.

मोजताना फसाल अशा दोन जागा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर मारला की तो सिंकचं नाही, खोलीचं प्रतिबिंब वाचतो, ७० ला ४० दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, त्याच्यावर मारा. फायनलच्या फ्लँजवर एक तुकडा, सिंकवर दोन बोटं सोडून दुसरा, आणि पीटीटी सोडल्या सोडल्या दोन्ही वाचा, ट्रान्समिट चालू असताना नको, आरएफ शेजारी डिजिटल मीटर काहीही आकडे दाखवतात आणि उघड्या फायनलपाशी बोट गेलं तर आरएफचा चटका बसतो तो आतून भाजतो. दोन तुकड्यांत पंधरा-वीस अंश फरक असेल तर जोड चांगला, पन्नास असेल तर काय ते समजा. दुसरी जागा वॅटमीटर. बर्ड ४३ सारखा नावाजलेला मीटर पण फुल स्केलच्या ५ टक्के अचूक असतो, मोजलेल्या आकड्याच्या नाही. १०० वॅटचं एलिमेंट (मीटरची रेंज ठरवणारा तुकडा) लावून ५ वॅट वाचलेत तर ते शून्य ते दहा काहीही असू शकतात. तेव्हा ४५ आणि ४८ च्या फरकावर डोकं खाऊ नका, २० आणि ४५ चा फरक खरा. आणि डमी लोडवर कितीही वॅट लिहिलेले असोत, खाली बारीक अक्षरात किती सेकंद ते पण लिहिलेलं असतं.

लो पॉवरचा प्रश्न. तुमचा सेट काही चुकीचं करत नाहीये. मॅचिंग ५० वॅटसाठी बांधलंय आणि ड्रेनला व्होल्टेज पण तेच पूर्ण मिळतंय. पॉवर कमी केली की सिग्नलचा झोका कमी होतो, उरलेलं व्होल्टेज ट्रान्झिस्टरवरच पडून राहतं. करंट पॉवरच्या प्रमाणात नाही तर साधारण तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पडतो. ५० चे १० केले, पाचपट कमी, पण करंट १० चा साडेचारच होतो. ६२ वॅट आत, १० बाहेर, ५२ उष्णता. म्हणजे पॉवर पाचव्या हिश्श्यावर आणली तर उष्णता ८८ वरून ५२ वर, निम्मी पण नाही. मधल्या २५ वॅटवर तर अजून वाईट, ८८ चे ७३. पण २५ आणि ५० मध्ये समोरच्याला ३ डीबी म्हणजे अर्धा एस-युनिट (सिग्नल मीटरवरचा एक घर) फरक पडतो, त्याच्या कानाला कळणार नाही, तेव्हा बेस म्हणून रोज वापरायचा तर मी २५ वर नाहीतर १० वरच ठेवेन.

बेस म्हणून रोज, हे पण जरा बघा. मोबाईल सेट बनवताना गृहीत धरलेलं असतं की माणूस थोडं बोलेल आणि जास्त ऐकेल, एक मिनिट ट्रान्समिट आणि चार मिनिटं रिसीव्ह हा त्यातला नेहमीचा हिशोब. सलग ट्रान्समिटसाठी रिपीटरचे (ऐकलेला सिग्नल लगेच पुढे पाठवणाऱ्या स्टेशनचे) सेट वेगळे असतात, सिंक बघूनच कळतं. मोबाईल सेट रिपीटरला जोडून पूर्ण पॉवरवर चालवणारे बरेच भेटतात, सगळ्यांची गोष्ट सारखीच संपते. डीएमआरला (डिजिटल वायरलेसची एक पद्धत) वेळेचे दोन स्लॉट असल्याने फायनल अर्धाच वेळ चालू असतो, ३० मिलिसेकंद चालू ३० बंद, म्हणून तोच सेट डिजिटलवर थंड राहतो आणि ॲनालॉगवर तापतो, तो दोष नव्हे. एसएसबीवाल्यांचं उलट, बोलताना आवाजाच्या चढउतारामुळे सरासरी कमी असते म्हणून बरं चालतं, आणि आरटीटीवाय किंवा एफटी८ (अक्षरं पाठवायचे मोड) लावलं की पूर्ण कॅरियर सलग, तिथे अर्ध्यावर आणा.

तर तुम्ही असं करा. अँटेना काढून डमी लोड, घड्याळ समोर, पीटीटी दाबून शून्य, वीस, चाळीस आणि साठ सेकंदाला वॅट, अँपिअर, व्होल्ट तिन्ही लिहा, एका माणसाला जमत नाही, कोणालातरी लिहायला बसवा. करंट पॉवरबरोबर पडला तर टेपचे दोन तुकडे लावून फरक मोजा आणि फायनल उचलून त्याच्या खाली बघा. करंट तसाच राहिला तर भिंगाने ड्रेनपासून सॉकेटपर्यंत एकेक जोड आणि एकेक कपॅसिटर, फिल्टरची कॉइल ट्रान्समिट सोडल्यावर कुठली जास्त गरम आहे ते. बुड साफ करून, पातळ पेस्ट लावून, नीट आवळून पुन्हा तेच चार आकडे लिहा. तेव्हाही पाऊण मिनिटात २० आले, फ्लँज आणि सिंकमधला फरक कमी झालेला असूनही आले, तर मग मागवा फायनल, आणि तोपर्यंत सेट १० वॅटवर राहू द्या.